सोयाबीनच्या गुळीवरचे छत्र

दाराशी पोचताच त्या बाईंनी माझ्या हाती धुवून घडी घातलेले एक उपरणे ठेवले आणि ते नाकातोंडावरून घट्ट बांधल्यावाचून आत पाऊल टाकू नये, अशी ताकीद दिली. "काका, आत धुराळा असतोय त्याचा. पहिल्या साली मी बांधलंच न्हाई, तर महिनाभर खोकला सरंना," असे सांगून त्यांनी स्वतःचा पदर कानामागे खोचला आणि गोणपाटाचा ओला पडदा बाजूला सारला. ज्या पदार्थाची ख्याती मनुष्याची रोगप्रतिकारशक्ती वाढविणारा म्हणून अलीकडे गावोगाव पसरली आहे, आणि ज्या ख्यातीची शहानिशा करण्यासाठीच मी नांदेडहून सकाळची एस. टी. पकडून इथवर आलो होतो, त्याच्या कोठीत शिरण्यापूर्वी त्याच्यापासूनच स्वतःचा बचाव करावा लागावा, ही विसंगती मला त्या क्षणी गमतीची वाटली. तिचा उलगडा पुढे पुष्कळ वाचल्यानंतर झाला.

संपादकांचे पत्र आषाढात आले होते. यंदाचा अंक अन्न आणि आरोग्य या विषयाला वाहिलेला असून, अळंबीतील प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या द्रव्यांविषयी मी लिहावे, आणि तेही ग्रंथालयात बसून नव्हे तर नांदेड-लातूरकडे हिंडून लिहावे, अशी त्यांची फर्माईश होती. ती ऐकून परभणीच्या एका स्नेह्यांनी हसून विचारले की, अळंबी पाहावयास माणसे हिमाचलातल्या सोलनला जातात, जेथे अळंबीचे राष्ट्रीय संशोधन संचालनालय आहे आणि अंगावर शाल घ्यावी लागते. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे हे ओलाव्याचे पोर कोण सांभाळणार? प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र नांदेड-लातूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते, आणि त्याचे नाव सोयाबीन.

गुळी

नांदेड सोडून लोहा, माळाकोळी, अहमदपूर असे बालाघाटाच्या ठेंगण्या टेकड्या चढत-उतरत निघाले म्हणजे भाद्रपदात नजर जाईल तेथवर सोयाबीनच दिसते. पूर्वी या काळ्या रानात खरिपाची ज्वारी आणि कापूस असे. आता दसऱ्याच्या सुमारास जो तो सोयाबीन कापून त्याची बनीम रचतो, मळणीयंत्र आले की रास करतो, पोती लातूरच्या आडतीत जातात, आणि मागे उरते ती गुळी: दाणा काढून घेतल्यावर राहिलेला शेंगांच्या टरफलांचा व काड्यांचा चुरा. यातली काही जनावरांपुढे पडते, काही बांधाला कुजते, आणि पुष्कळ ठिकाणी रान मोकळे करण्याच्या घाईने तिला सरळ काडी लावली जाते. मी शेतातल्या ज्या आखाड्यावर गेलो होतो, तेथे मात्र गेल्या दिवाळीची गुळी पत्र्याखाली कोरडी ठेवली होती, आणि तिच्या रंगाची पारख करताना त्या बाईंच्या चेहऱ्यावर सराफाची गंभीरता होती. पिवळी व खडखडीत असेल तीच चालते. एकदा का पावसाने भिजून काळवंडली की ती परक्या बुरशीचे माहेरघर झालेली असते, आणि मग तिच्यात कितीही चांगले बियाणे घातले तरी पीक दुसऱ्याचेच येते.

धिंगरी नावाने जी अळंबी आपल्याकडे पिकवतात (हा शब्द उत्तरेकडचा, कृषी खात्याच्या पुस्तिकांबरोबर इकडे आलेला), तिचा मूळ व्यवसाय मेलेल्या लाकडावर जगण्याचा. लाकडाला कठीणपणा देणारे जे काष्ठद्रव्य, ज्याला शास्त्रज्ञ लिग्निन म्हणतात आणि ज्याच्यापुढे गाईचे चार कप्प्यांचे पोटदेखील हात टेकते, ते विरघळविण्याची पाचक द्रव्ये या बुरशीपाशी असतात. यास्तव भाताचा पेंढा, गव्हाचे काड, कापसाच्या पळाट्या, उसाचे पाचट यांपैकी कशावरही ती वाढते. परंतु द्विदल पिकाच्या अवशेषात नत्राचा अंश अधिक असल्यामुळे सोयाबीनच्या गुळीवर तिचे विशेष साधते. शिवाय भाताचा पेंढा कुट्टी करून घ्यावा लागतो, गुळी यंत्रातून आयतीच बारीक होऊन आलेली असते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो व श्रीवास्तव यांनी १९६२ साली भाताच्या पेंढ्यावर ही अळंबी वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा मराठवाड्यात सोयाबीन हे नावही कोणाच्या तोंडी नव्हते. दोन परक्या गोष्टी एकमेकींना इथल्या बांधावर भेटल्या, आणि त्यांचे जुळले.

ज्वारीचे विरजण

आखाड्यामागे तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी पिंप ठेवले होते. गुळी पोत्यात भरून रात्रभर भिजवायची आणि सकाळी सुमारे ८० अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवायची, ही इथली पद्धत. दुसरीही एक पद्धत आहे, आणि ती सरपण वाचवते म्हणून अधिक रूढ आहे: शंभर लिटर पाण्यात काही ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक व शे-सव्वाशे मिलिलिटर फॉर्मॅलिन मिसळून त्यात काड सोळा ते अठरा तास बुडवायचे. पुस्तिकांत ती छापलेली आहे आणि तिने पीक येते, याबद्दल वाद नाही. परंतु जे पीक आरोग्याच्या नावाने विकायचे, त्याचे अंथरूण आपण फॉर्मॅलिनने धुवावे हे मला रुचले नाही. त्या बाईंनाही रुचले नव्हते, फरक इतकाच की त्यांचे कारण अधिक पक्के होते. त्यांच्या हाताची कातडी सोलली होती.

उकडलेली गुळी ताडपत्रीवर निथळत असताना ओलाव्याची जी परीक्षा मी पाहिली, ती कोणत्याही प्रयोगशाळेने मान खाली घालावी इतकी साधी होती. मूठभर गुळी घेऊन ती सर्व बळ लावून आवळायची. बोटांतून थेंब गळता कामा नये, पण मूठ उघडल्यावर तळवा मात्र ओला दिसला पाहिजे. थेंब गळला तर आत हवा खेळत नाही आणि सारे आंबते. तळवा कोरडा राहिला तर बुरशीचा जीव तहानेने जातो. त्या दिवशी पहिल्या मुठीतून एक थेंब लोंबकळला, आणि सारे काम अर्धा तास थांबले.

मग बियाणे. याला बियाणे म्हणतात खरे, पण ते बी नव्हे. ते विरजण आहे. ज्वारी किंवा गहू अर्धवट शिजवून, तीत चुनखडीची भुकटी व जिप्सम कालवून, पिशवीत भरून वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात, आणि नंतर तीत शुद्ध बुरशीचा एवढासा तुकडा सोडतात; पंधरा-वीस दिवसांत प्रत्येक दाण्यावर पांढऱ्या सुताची गवसणी चढते. ज्या भागात भाकरीशिवाय जेवण पुरे होत नाही, तेथे या नव्या अन्नाचेही विरजण ज्वारीचेच असावे, हे मला आवडले. पुढे याच ज्वारीचा एक निराळा उपयोग कळला, तो आवडला नाही, पण त्याची गोष्ट तेथे येईल. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुळीचा एक थर, कडेने बियाण्याचा एक वेढा, पुन्हा गुळी, पुन्हा बियाणे, अशी भरती करून तोंड बांधतात आणि सुईने भोके पाडतात. अशा भरलेल्या पिशवीला सर्वत्र बेड म्हणतात. काळोख्या कोठीत पंधरा-अठरा दिवसांत तो पांढराफटक झाला म्हणजे प्लॅस्टिक फाडून टाकायचे, आणि मग उरतो तो सुताने घट्ट विणलेला गुळीचा ठोकळा, जो उचलला तरी विस्कटत नाही.

यापुढचे सारे काम पाण्याचे आहे, आणि तरीही पाणी फार लागत नाही. दिवसातून तीन-चार वेळा फवारणी, भिंतींना लावलेली गोणपाटे भिजती ठेवणे, कोठीतली उष्णता पंचवीस अंशांच्या आसपास राखणे. चैत्र-वैशाखात हे साधत नाही, कोठी बंद असते. गुलाबी रंगाची एक जात उन्हाळ्यालाही थोडीफार दाद देते, परंतु मराठवाड्याचे ऊन हे थोडेफार प्रकरण नसते. बेडवर प्रथम टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उमटतात, आणि तीन-चार दिवसांत त्यांचे शिंपल्यांचे घोस होतात. तोडायचे ते सुरीने कापून नव्हे, देठाशी धरून हलकेच पिरगाळून. आणि कधी तोडायचे, तर छत्रीची कड खाली वळलेली असेपर्यंत. कड वर उलटली, फाटू लागली, की समजावे उशीर झाला. तेव्हा छत्रीखालच्या पट्ट्यांतून बीजाणू सुटू लागलेले असतात, आणि कोठीच्या कवडशात पिठाच्या गिरणीसारखा बारीक धुराळा तरंगताना दिसतो. उपरणे त्यासाठी होते.

वेशीवरची ओळख

आता ज्या द्रव्यासाठी हा सारा प्रपंच, ते अळंबीत असते कोठे? रसात नव्हे, रंगात नव्हे, सुगंधातही नव्हे; ते असते भिंतीत. वनस्पतीच्या पेशीची भिंत सेल्युलोजची, तर बुरशीच्या पेशीची भिंत दोन वस्तूंनी विणलेली: एक कायटिन, ज्याचे झिंग्याचे कवच बनते, आणि दुसरे बीटा-ग्लुकान. हे दुसरे द्रव्य म्हणजे साखरेच्याच, ग्लुकोजच्याच, कणांची साखळी. पण कण परस्परांना ज्या कोनातून जोडले आहेत तो कोन पिठातल्या स्टार्चहून वेगळा, आणि मुख्य साखळीला जागोजाग फांद्या फुटलेल्या. एवढ्याशा फरकाने एका साखळीची भाकरी होते आणि दुसरी आपल्या पोटात पचतच नाही. वैद्यकाला तिच्याविषयी कुतूहल वाटले, ते मात्र निराळ्या कारणाने.

मनुष्याच्या शरीरात बीटा-ग्लुकान तयार होत नाही. म्हणून ज्या कशावर ते आढळेल ते बाहेरचे, एवढी खूणगाठ शरीराच्या पहारेकऱ्यांनी लक्षावधी वर्षांपूर्वीच बांधून ठेवलेली आहे. जुन्या गावगाड्यात वेसकर जसा वेशीत बसून येणाऱ्याच्या पागोट्याच्या पिळावरून तो कोणत्या मुलखाचा हे ओळखी आणि नवखा दिसताच चावडीवर वर्दी देई, त्याप्रमाणे आपल्या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर एक खास पकड असते जी या साखळीचा पीळ ओळखते. ऑक्सफर्डचे गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ साली ती पकड दाखवून दिली. तिचे नाव डेक्टिन-१. तिच्यात बीटा-ग्लुकान अडकले की पेशीच्या आत हुकूम सुटतात, संदेशवाहक द्रव्ये स्रवतात, इतर पेशींना जाग येते. म्हणजे धिंगरीची भाजी ही शरीराला शक्तीची पुरवणी करीत नाही. ती वेशीशी येऊन उभी राहते आणि तिच्या पेहरावावरून वेसकराला शत्रूची आठवण होते. शत्रू तर आलेला नाही, पण पहारा तपासला जातो. नेदरलंड्सच्या मिहाई नेटेआ यांनी २०११ पासून ज्याला प्रशिक्षित प्रतिकारशक्ती म्हटले, तीत हेच दिसते की बीटा-ग्लुकानाने किंवा क्षयाच्या बी. सी. जी. लसीने एकदा उठविलेल्या या पेशी पुढच्या निराळ्याच हल्ल्याच्या वेळीही काही काळ अधिक तत्पर राहतात.

आणि येथेच त्या उपरण्याचा उलगडा होतो. वेसकर गावाच्या सर्व वेशींवर सारख्याच स्वभावाचा नसतो. आतड्याच्या वेशीवर दिवसभर परक्यांची वर्दळ चालू असते, तेथला पहारा समजूतदार. फुप्फुसाच्या वेशीतून मात्र हवेखेरीज कोणी यावयाचेच नसते, तेथला पहारा तापट. बीजाणूंचा धुराळा दिवसेंदिवस छातीत गेला की तेथे जो दंगा होतो, त्याने ताप येतो, दम लागतो, आणि दुर्लक्ष झाले तर फुप्फुसे कायमची घट्ट होत जातात. अळंबी पिकविणाऱ्यांचा फुप्फुसदाह हा वैद्यकाच्या ग्रंथांत नोंदलेला विकार आहे, आणि धिंगरी बीजाणू सोडण्याच्या बाबतीत विशेष उदार असल्यामुळे तिच्या कोठीत तो अधिक संभवतो. बीजाणूतली परकी द्रव्येही त्याच पहाऱ्याला उठवितात. ताटातून आल्यास तो सौम्यपणे जागा होतो, श्वासातून आल्यास बेभान. प्रतिकारशक्ती ही जितकी वाढेल तितकी चांगली, अशी जी समजूत २०२० च्या साथीपासून औषधांच्या दुकानदारांनी आपल्या मनात रुजवली, तिला त्या आखाड्यावरील बाईंच्या खोकल्याइतके चोख उत्तर मला कोठे मिळाले नाही. सांधेदुखीपासून दम्यापर्यंत कितीतरी व्याधी या पहारा वाजवीपेक्षा अधिक झाल्याच्याच आहेत. ज्यांना परक्याचे मूत्रपिंड बसविलेले आहे आणि जे ते टिकविण्यासाठी पहारा मुद्दाम मंद करणारी औषधे घेतात, त्यांनी तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अळंबीच्या गोळ्यांच्या वाटेस जाऊ नये.

जपानची सुई, स्लोवाकियाचे सरबत

मग या द्रव्याचा गुण कधी कोणी मोजला आहे काय? मोजला आहे, आणि त्याची कहाणी टोकियोतून सुरू होते. तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गोरो चिहारा यांनी शिताके अळंबी गरम पाण्यात काढून तीतून एक बीटा-ग्लुकान वेगळे केले आणि १९६९ साली दाखविले की उंदरांच्या गाठी त्याने मागे हटतात. त्याला लेंटिनान हे नाव मिळाले, आणि १९८५ साली जपानने जठराच्या कर्करोगात नेहमीच्या औषधांच्या जोडीला त्याला मान्यता दिली. या यशाचा दाखला आपल्याकडील प्रत्येक जाहिरातीत कोणत्या ना कोणत्या रूपाने असतो. पण त्यातला एक तपशील वगळलेला असतो. लेंटिनान हे खाण्याचे औषध नव्हे, ते शिरेतून टोचतात. शुद्ध करून रक्तात सोडलेले द्रव्य आणि कढईतली भाजी या दोहोंत जे अंतर आहे, ते टोकियो आणि अहमदपूर यांच्यातील अंतराहून कमी नाही.

खाण्याच्या बाजूचे पुरावे लहान आहेत, पण आहेत. सिडनीच्या पश्चिमेकडील विद्यापीठात २४ निरोगी माणसांपैकी काहींनी आठवडाभर रोज १०० ग्रॅम उकडलेली बटन अळंबी खाल्ली आणि त्यांच्या लाळेतील आयजीए हे संरक्षक प्रथिन वाढले; २०१२ चा हा प्रयोग. फ्लोरिडात ५२ तरुण व प्रौढ माणसांनी चार आठवडे रोज पाच किंवा दहा ग्रॅम वाळलेली शिताके खाल्ली, तेव्हा २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या काही संरक्षक पेशी अधिक कार्यक्षम झाल्या आणि दाहाची एक खूण उतरली. आपल्या धिंगरीच्या जवळची गोष्ट म्हणजे स्लोवाकियाची. धिंगरीच्याच कुळातील प्ल्युरोटस ऑस्ट्रिएटसपासून काढलेल्या प्ल्युरान नावाच्या बीटा-ग्लुकानाचे सरबत तेथे वारंवार सर्दी-खोकला होणाऱ्या १७५ मुलांवर अजमावले गेले. काहींना प्ल्युरानसह क जीवनसत्त्व, काहींना नुसतेच क जीवनसत्त्व. औषध चालू असण्याच्या काळात एकदाही आजारी न पडलेली मुले पहिल्या गटात शेकडा ३६ होती, दुसऱ्यात शेकडा २१. फरक आहे, पण तो मोजताना हेही दिसते की प्ल्युरान घेऊनही शंभरातली चौसष्ट मुले आजारी पडलीच. हा आकडा मी कोणत्याही डब्यावर छापलेला पाहिला नाही.

बीटा-ग्लुकानाखेरीज अळंबीत एर्गोथायोनीन नावाचे एक गंधकयुक्त द्रव्य असते. फ्रान्सच्या शार्ल तान्रे यांना ते १९०९ साली राय या धान्यावरच्या अरगट बुरशीत सापडले. आपले शरीर ते तयार करीत नाही. तरीही पेशींच्या पडद्यात ते आत ओढून घेणारी स्वतंत्र वाट आहे, हे २००५ साली उघडकीस आले. जी वस्तू आपण बनवीत नाही तिच्यासाठी शरीराने दार का राखून ठेवावे, या कोड्याने संशोधकांची झोप उडविली आहे. माझी नाही, आपल्याकडे पाहुण्यासाठी ओसरीवर घोंगडी घडी घालून ठेवलेली असतेच.

छत्राक, कवक आणि किनवटचे रान

नांदेड जिल्ह्याचा उत्तरेकडचा कोपरा, किनवट आणि माहूर, हा उर्वरित मराठवाड्याहून वेगळा मुलूख आहे. पैनगंगेच्या काठचे साग, गोंड-कोलाम-आंध यांच्या वस्त्या, आणि पहिल्या मृगाच्या सरींनंतर वारुळांवर उगवणारी अळंबी. ही वाळवीची पाळीव बुरशी. वाळवी आपल्या वारुळात ती शेतासारखी जोपासते, आणि माणसाला मात्र ती अजून कोठीत वाढविता आलेली नाही. वर्षातले ते चार-दोन दिवस साधले तर साधले. तिकडच्या स्त्रिया ती वासाने, देठाच्या मुळाने, जागेने ओळखतात, आणि ही ओळख आईकडून मुलीकडे जाते, पुस्तकातून नव्हे. विषारी अळंबीने चांदीचे नाणे काळे पडते किंवा तिच्यासंगे शिजवलेली लसूण काळवंडते, असे जे शहरात सांगतात, ते खोटे आहे. सर्वांत घातक विष नाण्याला ओळख देत नाही आणि उकळल्याने मरत नाही. यास्तव रानातली अळंबी ज्याला कुळापासून ठाऊक नाही, त्याने तिच्या वाटेस जाऊच नये.

सखल भागात मात्र अळंबी म्हणजे कुत्र्याची छत्री, आणि ती पायाने उडवून देण्याची वस्तू. या तिरस्काराला शास्त्राधारही आहे: मनुस्मृतीत लसूण, गाजरासारखे गृंजन व कांदा यांच्याच ओळीत कवक वर्ज्य सांगितले आहे. परंतु सुश्रुतसंहितेत अन्नविचार करताना हीच वस्तू शाकवर्गात घेतलेली असून, ती पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर की जमिनीवर उगवली यावरून तिचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत. आणि त्यांत पलालज, म्हणजे पेंढ्यावरची, मधुर व दोष शमविणारी म्हटली आहे. स्मृतिकाराने तिची पंगत नाकारली आणि वैद्याने तिची जागा विचारली. सोयाबीनच्या गुळीवर उगवलेली ही आजची धिंगरी सुश्रुताच्या वर्गीकरणात बरोबर कोठे बसेल, हे सांगायला नको.

डब्यातली भुकटी

नांदेडच्या एका प्रदर्शनात मी अळंबीच्या भुकटीचा एक डबा विकत घेतला होता. त्यावर पर्वत, सूर्य आणि ढाल यांची चित्रे होती, मधुमेहापासून कर्करोगापर्यंतच्या व्याधींची नामावळी होती, आणि पॉलिसॅकराइड शेकडा चाळीस, असा मोठ्या अक्षरांत दावा होता. कर्करोग व मधुमेह बरे करण्याच्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने मुळातच मना आहेत, ही बाब तूर्त सोडू. पॉलिसॅकराइड या शब्दात मात्र एक खुबी आहे: त्याचा अर्थ साखरेच्या कणांची कोणतीही लांब साखळी. बीटा-ग्लुकान हे पॉलिसॅकराइड आहे, आणि ज्वारीचे पीठही पॉलिसॅकराइडच आहे. कित्येक उत्पादक छत्री उगवण्याची वाटच पाहत नाहीत. बुरशीचे सूत धरलेले धान्य, म्हणजे ते विरजणच, वाळवून दळतात, आणि त्या भुकटीत अळंबी थोडी व धान्य फार असते. बीटा-ग्लुकान वेगळे मोजण्याची रीत उपलब्ध आहे. डब्यावर तो आकडा स्वतंत्र लिहिलेला नसेल तर गिऱ्हाइकाने समजून घ्यावे. मी घरी येऊन ती भुकटी चमचाभर पाण्यात शिजवली आणि आयोडीनचा थेंब टाकला. पाणी निळेशार झाले. शाळेत दहाव्या वर्षी पिष्टाची जी परीक्षा शिकलो, तिचा या वयात असा उपयोग व्हावा! ज्वारीचे पीठ या भावाने लातूरच्या आडतीतही कधी गेले नसेल.

आखाड्यावरच्या बाई असले काही विकत नाहीत. त्या ताजी अळंबी सकाळी तालुक्याच्या बाजारी पाठवितात, आणि जी त्या दिवशी खपत नाही ती पत्र्यावर वाळत घालतात, कारण ताजी अळंबी दुसऱ्या दिवशी मलूल होते आणि तिसऱ्या दिवशी वास मारते. दहा किलोंची वाळून एक किलो होते. छत्र्या उताण्या, पट्ट्या वर करून ठेवल्या होत्या. तशाने लवकर वाळते, एवढेच कारण त्यांनी सांगितले. त्यांना ठाऊक नव्हते ते असे की, अळंबीतले एर्गोस्टेरॉल उन्हातल्या अतिनील किरणांनी ड जीवनसत्त्वात पालटते, आणि पट्ट्यांना थेट ऊन लागले तर ते अधिक होते. मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एक सरळ पडलेली छत्री उलटी केली.

देठ

दुपारी जेवायला बसलो. येसराच्या आमटीसारखा दाट, काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यात धिंगरीचे हाताने फाडलेले तुकडे, आणि ज्वारीची भाकरी. मटणासारखे लागते असे सर्वजण म्हणतात. मला तसे वाटले नाही, मला ते अळंबीसारखेच लागले. रस्सा करण्यात एक नकळत साधलेला शहाणपणा आहे. बीटा-ग्लुकान उष्णतेने नाश पावत नाही, उलट गरम पाण्यात काही अंशी उतरते. चिहारांनी शिताकेतून ते असेच काढले होते. कच्ची अळंबी कोशिंबिरीत घालण्याची जी नवी हौस आली आहे, तिने कायटिनाची भिंत उकलत नाही, आणि कच्च्या शिताकेने तर काहींच्या अंगावर चाबकाचे फटकारे ओढल्यासारखे वळ उठतात. तेव्हा शिजवावे, आणि शिजवलेले पाणी टाकू नये.

परंतु त्या घरात एक गोष्ट चुकत होती. तोडणी झाल्यावर घोसाच्या बुडाशी जे चिवट देठ राहतात, ते कापून टोपलीत टाकत आणि टोपली शेळीपुढे जाई. धिंगरीच्या देठात छत्रीपेक्षा तंतू अधिक आणि बीटा-ग्लुकानही अधिक असते, असे परीक्षणांत आढळले आहे. मी हे म्हणताच घरातल्या सर्वांत वडील आजी हसल्या आणि म्हणाल्या, "तरीच शेळी धडधाकट हाय." सुनेने मात्र टोपली जवळ ओढली, एक देठ नखाने चिरून पाहिला, आणि वाटण वाटताना हे बारीक करून टाकता येतील का, असा विचार करीत बसली.

निघताना बाईंनी वाळलेली अळंबी वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून दिली. अहमदपूरच्या स्थानकावर एस. टी. भरली, आणि माझ्या शेजारी गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या. वाळलेल्या अळंबीला सुकटीसारखा किंचित वास असतो. चाकूर मागे पडेतो त्यांनी दोनदा पदर नाकाशी नेला आणि अंग चोरून खिडकीकडे सरकल्या. मासळी नव्हे, हे सांगण्यासाठी मी पुडी सोडून दाखविली. हे काडावर पिकते, जीव मारलेला नाही, असे समजावले. त्यांनी एक तुकडा बोटांत धरून उजेडाकडे केला, वास घेतला, पुन्हा घेतला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारले,

"ह्याला कांदा-लसूण घालावाच लागतोय का?"